बाजारवालं कॉलेज

"कांदा घेतला का खिशात?" कौसल्याबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"घेतला न आई."

"दाखव बरं."

चंद्रभानने पँटच्या खिशातला कांदा काढून दाराशी उंच धरला. संख्याशास्त्रात विद्यापीठात पहिला आलेला आणि दोन वर्षं कॉलेजात शिकवणारा हा माणूस एप्रिल महिन्यात कांद्याशिवाय घराबाहेर पडू शकत नव्हता. नागपूरच्या उन्हाशी आणि कौसल्याबाईंशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

त्याला तारघरात जायचं होतं. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनी त्याला घेतलं होतं आणि शिष्यवृत्तीही दोघांनी देऊ केली होती. आता एकाला हो आणि दुसऱ्याला नाही कळवायचं, तेही याच आठवड्यात. विद्यापीठांची नावं घरात कुणाच्या जिभेवर बसेनात, तेव्हा रामाजीमामांनी त्यांचं बारसं करून टाकलं होतं. एक मक्याच्या शेतांच्या मुलखातलं, तिथे पिकांचं संख्याशास्त्र शिकवत, म्हणून ते मक्यावालं. दुसरं मोठ्या शहरातलं, तिथे भावांच्या चढउताराचं गणित होतं. ते बाजारवालं.

मामा कालच नरखेडहून संत्र्यांची टोपली घेऊन आले होते. खाटेवर बसून ते पन्हं पीत होते.

"मंग भाचेबुवा, कोणाले हो म्हणून राहिला?"

"बाजारवाल्याले."

"मले वाटलंच. अमेरिकेत जाऊन मक्काच मोजाचा, तर नरखेडले काय वाईट होतं!" मामा आपल्याच विनोदावर मनापासून हसले. "पण मले एक सांग गा. भाव कसा चढंन, हे गणितानं समजते?"

"भाव नाही समजत मामा. दुसरंच आहे ते." चंद्रभान चपला घालता घालता थांबला. विषय निघाला की त्याच्या अंगात शिक्षक यायचा. "समजा, एखाद्या गिरणीवाल्याले भीती आहे का दिवाळीपर्यंत कापूस महाग होईन. तो तुमाले आज थोडे पैसे देते. म्हणते, भाव अमुक आकड्याच्या वर गेला तर वरचा फरक तुम्ही मले द्या. नाही गेला तर हे पैसे तुमचे. आता त्यानं आज तुमाले किती द्यावं? तेवढंच गणित."

"एवढंच?" मामा म्हणाले. "हे तर आपल्या इतवारीच्या बाजारात चालत होतं. तेजी-मंदी! अन् ते आधी द्याचे पैसे, त्याले नजराणा म्हणत. अबे, तुया बाबानं तर..."

आणि मामांनी जीभ चावली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

कौसल्याबाई बाहेर आल्या. हाताला कणीक तशीच होती. "तिथं नाही जाचं," त्या म्हणाल्या.

"आई, ते सट्टा नाही शिकवत. शास्त्र आहे ते."

"तुया बाबालेही शास्त्रच वाटे."

चंद्रभानने दुसरी चप्पल पायात सरकवली. मग तो दुपट्टा डोक्याला गुंडाळून उन्हात निघून गेला. तासाभराने परत आला तो घामाने भिजून. "केलं," म्हणाला, "मक्यावाल्याले हो म्हटलं. दुसऱ्याले नाही." खिशातला कांदा काढून त्याने टोपलीत परत ठेवला. कौसल्याबाईंनी त्याच्यापुढे ताट वाढलं आणि वर दोन पोळ्या जास्त घातल्या.

चंपतराव, म्हणजे कौसल्याबाईंचे यजमान, कॉटन मार्केटात वजनकाट्यावर होते. गाड्या यायच्या, कापूस मापायचा, चिठ्ठी द्यायची. संध्याकाळी मात्र ते इतवारीत जात आणि चोरून तेजी खात. खात म्हणजे कुणाचा तरी नजराणा घेऊन त्याची जोखीम आपल्या डोक्यावर घेत. बहुतेक वेळा भाव काही त्या आकड्यावर जात नसे आणि नजराणा खिशात राही. मग घरी येताना जिलबी, कधी संत्रा बर्फी, एकदा तर कौसल्याबाईंसाठी हिरवं पातळ. तेव्हा स्वतःचं घर होतं आणि कौसल्याबाईंनी जिलबी कुठून येते, हे कधी विचारलं नव्हतं. गोड खाताना कोण विचारतं?

मग एका वर्षी ऐन वेचणीत पाऊस आला. बोंडं झाडावरच सडली, कापूस मिळेना आणि भाव असा उसळला की चंपतरावांचं घर गेलं, पाटल्या गेल्या, हिरवं पातळसुद्धा कुणाच्या तरी घरी गेलं. चोरटा सट्टा उघड झाला, म्हणून काट्याच्या मालकाने त्यांना कामावरून काढून टाकलं. पोराला नरखेडला मामाकडे शाळेत घातलं, गणेशपेठेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि कौसल्याबाई महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून लागल्या.

तिथे त्या सगळ्यांना हव्याशा झाल्या. कळा देणाऱ्या बाईचा हात धरावा तर त्यांनीच. ओरडणाऱ्या पोरींना नर्सबाई दटावायच्या, कौसल्याबाई उलट म्हणायच्या, "बोल वं माय, बोल. मनात नको ठेवू. बोललं का हलकं वाटते." आणि बायका बोलायच्या. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, मेलेल्या लेकराबद्दल. कौसल्याबाई सगळं ऐकून घ्यायच्या, कंबर चोळत राहायच्या.

घरी आल्या की मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप लागे. चंपतराव दाराशी एका लाकडी स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसलेले असत. इतवारीची वाट त्यांनी पुन्हा धरली नाही. कधीकधी ते बसल्या बसल्या घराच्या बाजूला वळत आणि म्हणत, "ऐकतं का वं? नजराणा मी बरोबर घेतला होता. साल वाईट निघालं."

"त्याचं नाव नका काढू माह्यापुढं," कौसल्याबाई म्हणत.

चंपतराव पुन्हा रस्त्याकडे वळत. काही दिवसांनी त्यांना परत तेच सांगावंसं वाटे आणि कौसल्याबाई परत तेच म्हणत. त्यांनी नवऱ्याला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी चारचौघांत टाकून बोलल्या नाहीत. फक्त त्या वाक्याच्या पुढे नवऱ्याला कधी बोलू दिलं नाही. अशीच काही वर्षं गेली आणि एका थंडीत चंपतराव गेले. बाजारातले लोक आले, हळहळले आणि जाता जाता म्हणाले, चांगला माणूस, पण जुगारानं नासवला. कौसल्याबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांचंही मत तेच होतं. स्टुलावर त्यांनी पाण्याचा माठ ठेवला आणि पोराला नरखेडहून घरी आणलं.

ऑगस्टात चंद्रभानची अमेरिकेला जायची वेळ आली. बॅग भरायला घेतली तेव्हा बाहेर पावसाची रिपरिप चालली होती. भिवापूरचं तिखट कागदात, मग पिशवीत, मग पुन्हा कागदात, असं कौसल्याबाई बांधत होत्या. एप्रिलपासून पोराने कॉलेजांचा विषय काढला नव्हता. रुसला नाही, फुगला नाही, आपला पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या मागे धावत राहिला. हेच त्यांना टोचत होतं. भांडला असता तर बरं झालं असतं.

"काहून गा बाबू," त्या एकदम म्हणाल्या, "तिथं जाचं एवढं काहून मनात होतं तुया?"

"जाऊ दे न आई. आता काय त्याचं."

"सांग न. मी काही खात नाही तुले."

चंद्रभान सदऱ्याची घडी घालत होता. ती नीट जमत नव्हती, म्हणून त्याने परत उलगडली.

"लोक बाबाले जुगारी म्हणतात," तो म्हणाला. "मले ते खरं का खोटं, पाहाचं होतं."

"त्यात काय पाहाचं? घर गेलं न आपलं."

"घर गेलं म्हणून माणूस चुकला असं नाही होत आई." त्याच्या अंगात पुन्हा तो शिक्षक आला, पण आवाज हळू होता. "समज, एकानं लोकायची जोखीम घेतली. त्याच्यासाठी त्यानं पैसे..."

"नजराणा म्हण. समजते मले."

"नजराणा घेतला. आता एखाद्या वर्षी त्याचं सारंच गेलं, तर तो येडा होता का? तसं नाही. जेवढी जोखीम, तेवढा नजराणा त्यानं घेतला होता का, ते पाहा लागते. कमी घेतला असंन, तर चुकला. पण नजराणा बरोबर घेतला अन् साल वाईट निघालं, तर त्या माणसाचा काय दोष?"

कौसल्याबाईंच्या हातातली पुडी तशीच राहिली.

"हे तुले बाबानं सांगितलं?"

"बाबा? बाबा कधी सांगतीन? मी तर नरखेडले होतो. पुस्तकात आहे हे."

"पुस्तकात आहे?"

"हो. मोठमोठ्या लोकायनं लिहिलं आहे."

कौसल्याबाई खाली बसल्या. त्यांना वाटलं होतं, नवरा आपली चूक झाकायला काहीतरी बोलत असे. हरलेला माणूस बोलतो तसं. आणि तेच वाक्य शब्दाला शब्द सातासमुद्रापलीकडच्या पुस्तकात छापलेलं होतं. त्यांना ते पुढचं ऐकायचं होतं. नजराणा बरोबर घेतला म्हणजे किती घेतला, कसा ठरवला, पावसाचं काय धरलं होतं. हे सगळं चंपतराव त्यांना सांगू पाहत होते. दुसऱ्या कुणाला सांगणार होते बिचारे? त्यांच्याशी बोलत तरी कोण होतं?

"मंग तू तिथंच जा बाबू," त्या म्हणाल्या. "त्या बाजारवाल्यात जा. मी काही म्हणत नाही."

चंद्रभानने मान हलवली. "ती जागा कधीचीच गेली आई. दुसऱ्या कोणाले देली त्यायनं."

"अन् मक्यावाल्यात हे नाही शिकवत?"

"नाही. तिथं पिकं, खतं, असं."

"पुन्हा एक तार करून पाहा."

"असं नाही होत आई."

पोराच्या आवाजात राग नव्हता. कौसल्याबाईंना रडू आलं ते त्यामुळेच. त्यांनी पुडीला आणखी एक कागद गुंडाळला, जरूर नसताना.

मुंबईच्या गाडीला सोडायला त्या स्टेशनवर गेल्या. रामाजीमामा हमालाशी घासाघीस करत होते, चंद्रभान खिडकीत बसला होता. कौसल्याबाईंनी खिडकीची सळई धरली.

"पुढं कधी जमलं," त्या म्हणाल्या, "तर बाबाचं तेवढं पाहून घेजो."

"हो आई."

गाडी हलली. पोरगा हो म्हणाला होता आणि तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. पण परदेशात एकदा कामाला जुंपलेल्या माणसाला असल्या जुन्या गोष्टींसाठी वेळ मिळत नाही, हे कौसल्याबाईंना न शिकताही कळत होतं. मामा थेट नरखेडच्या गाडीकडे वळले आणि त्या रिक्षा करून एकट्याच घरी आल्या.

घरात ऊन तिरपं आलं होतं. दाराशी स्टुलावर माठ होता. कौसल्याबाईंनी माठ उचलून खाली ठेवला. स्टुलावर इतक्या वर्षांचा ओला गोल डाग पडला होता. तो त्यांनी पदराने पुसला, पण लाकडात मुरलेला डाग काही गेला नाही. स्टूल त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं आणि त्यावर कुणी घराकडे तोंड करून बसलं असावं तशा त्या समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"बोला जी," त्या म्हणाल्या. "काय म्हणत होते तुम्ही?"

बाहेर नळाला पाणी आलं होतं. शेजारच्या रुखमाबाई बादली वाजवत हाक मारत होत्या, "कौसल्याबाई वं, पानी आलं, येता का?" कौसल्याबाई उठल्या नाहीत.