आईंचं बंद पडलेलं मशीन

सुट्ट्या लागल्या की दोन्ही नणंदा मुलाबाळांसकट आमच्याकडे दहा दिवस राहायला येतात. तीन खोल्या, अकरा माणसं आणि एक बाथरूम. यंदा मी नाही म्हणायला हवं होतं. गेल्या वर्षी याच सुट्ट्यांत, पाहुणे यायच्या दिवशीच हे गेले. पण नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फोनवर म्हणून बसले, "या की, घर भरलेलं बरं."

पाहुणे आले त्याच दिवशी सासूबाईंचं कानाचं मशीन बंद पडलं. काही म्हणजे काही ऐकू येत नाही, म्हणाल्या. मशीन मात्र कानात तसंच. काढून ठेवा, असं मी खुणेनं सांगितलं तर म्हणे, "कान उघडा वाटतो." म्हातारीचे नखरे, दुसरं काय!

पण खोटं कशाला बोलू, ते माझ्या पथ्यावरच पडलं. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की मी धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन त्यांच्या खोलीत जायची. त्या खिडकीशी विणत बसलेल्या असायच्या. घड्या घालता घालता मी मोठ्यानं बोलायला लागले. आधी नुसती कुरकुर, ओले टॉवेल गादीवर कोण टाकतं, दिवसातून किती वेळा चहा करायचा. मग रडू यायला लागलं. वर्षभर मी कुणासमोर रडले नव्हते. चौथ्या दिवशी, जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही बोलून गेले.

"त्या सकाळी हे म्हणाले होते, छातीत कसंतरी होतंय. मी म्हटलं, नाटकं नकोत, माणसं येतायत, आधी माळ्यावरच्या गाद्या काढा. तुमच्या मुलाला मी मारलं, आई."

आईंच्या सुया चालूच होत्या. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच, कपड्यांच्या ढिगाला टेकून तासभर झोपले.

आठव्या दिवशी माझं मन मलाच खाऊ लागलं. बिचारीला आठवडाभर बहिरी ठेवून मी आपलं मन मोकळं करत होते. सकाळी त्या आंघोळीला गेल्यावर टेबलावरचं मशीन उचललं आणि दुकान गाठलं. मशीनवाल्यानं ते कॉम्प्युटरला जोडलं.

"यात काहीच बिघाड नाही, ताई."

"असं कसं? आठ दिवस बंद आहे."

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. "आत नोंद होते. हे बघा, रोज तेरा-चौदा तास चालू आहे. कालसुद्धा."

घर दहा मिनिटांवर, पण मला अर्धा तास लागला.

आई पलंगावर बसल्या होत्या. मी मशीन पुढे केलं. त्यांनी ते कानात नीट बसवलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते समजल्या.

"रागवा मला," मी म्हटलं. "घालवून द्या घरातून."

"मला ऐकू येतंय म्हटल्यावर बोलली असतीस?"

"नाही."

"म्हणून. वर्षभर नुसती भांडी आदळत होतीस. म्हटलं, ही अशीच एक दिवस कोसळायची."

"पण गाद्यांचं..."

त्या खाली बघत म्हणाल्या, "तुझ्यानंतर तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, आई, बरं वाटत नाही, जरा पडतो. मी म्हटलं, ती एकटी किती राबतेय, आधी तिला गाद्या काढून दे." त्यांनी कानातल्या मशीनला हात लावला. "तुला निदान मी बहिरी मिळाले. मी कुणापुढे बोलणार होते?"

मी त्यांच्या शेजारी बसले. कोण कुणाला थोपटत होतं, ते कळत नव्हतं.

बाहेरून धाकट्या नणंदेची हाक आली, "वहिनी, चहा टाकताय ना?"

ती आम्हा दोघींनाही स्पष्ट ऐकू आली. आईंनी माझा हात धरून ठेवला, आणि मी उठले नाही.