वनमालाबाईंचं बोट

न्यूमोनियानं वनमालाबाईंची फुप्फुसं पार पिळून काढली होती, पण व्यायाम मात्र अनंतराव करत. रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या त्या घरात बायकोच्या वतीनं बोलायचं, होकार द्यायचा, रुसायचंसुद्धा काम लग्नापासून त्यांच्याकडेच होतं. मग श्वास तरी तिच्यावर का सोडावा?

नवा रायपूरच्या दवाखान्यातली सोनिया दीदी मोबाइलवरून व्यायाम शिकवायची. कॅमेऱ्यासमोर खुर्चीत इस्त्रीच्या कुर्त्यातले अनंतराव. मागच्या पलंगावर, त्यांच्या पाठीआड अर्ध्या झाकलेल्या बाई, नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी, दुसऱ्याच्या लग्नाच्या फोटोत चुकून आल्यासारख्या.

"आंटी कैसी हैं?"

"एकदम फर्स्ट क्लास."

"अच्छा, उठक-बैठक करवाइए. फिर ऑक्सीजन देखिए."

अनंतराव दोनदा उठले, दोनदा बसले, आणि ऑक्सिजन मोजायचा चिमटा स्वतःच्या बोटाला लावून म्हणाले, "सत्तानबे."

"बहुत बढ़िया," वहीतून मान वर न काढता दीदी म्हणाली. "तो मशीन कल वापस मँगवा लेते हैं."

बाईंनी नळी मुठीत घट्ट धरली. बोलायला दम लागतो, आणि तो अजून यायचा होता.

तान्ह्या इरावतीला खांद्यावर थोपटत उभी असलेली सून अनुश्री म्हणाली, "बाबूजी, बोट तुमचं आहे."

"मंग? तिचे हात थंडे राह्यतात, आकडा धड येत नाही. माहं बोट काय अन् तिचं काय, घर तं एकच आहे ना."

"मग तुमच्या नीलेशच्या जन्माच्या वेळी कळाही तुम्हीच दिल्या असतील."

पलंगावरून फिस्सकन आवाज आला. बाई हसल्या होत्या. लगेच खोकल्यानं त्यांना वाकवलं, आणि मोबाइलमधली सोनिया दीदी सावरून बसली.

"पीछे कौन खाँस रहा है?"

"मरीज," अनुश्री म्हणाली. तिनं लेक सासऱ्यांच्या हातात दिली. हातात पोर आलं की माणसाला खुर्ची सोडावी लागते, हे तिला चार महिन्यांत कळलं होतं.

खुर्चीत बाई बसल्या. दीदीच्या सांगण्यावरून नळी काढून एकदा उठल्या, बसल्या. चिमटा त्यांच्या बोटावर शहाऐंशी दाखवू लागला.

"नली लगाइए, तुरंत. मशीन वहीं रहेगी. और अंकल, कल से कुर्सी आंटी की."

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या वेळी चहाची जबाबदारी अनंतरावांवर आली. आयुष्यभर बायकोचं मन ओळखणाऱ्या माणसाला घरातली साखर काही ओळखता येईना.

"अवो, साखर कुठं आहे?" स्वयंपाकघरातून हाक आली. मग आणखी एक.

वनमालाबाई ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडत राहिल्या. व्यायाम करताना बोलायचं नाही, असं दीदीनं बजावलं होतं.