शेंदराचा टिळा

"काका, ब्रेक लागलाच नही! पूरा दाबला, तरी सायकल चाललीच पुढे."

कोमलच्या कोपराला पट्टी होती. लोधीपुऱ्याच्या उतारावर ती केळीच्या हातगाडीत घुसता घुसता वाचली होती. जसोंडीहून रोज सायकलने येणाऱ्या या नर्सबाईला दसऱ्याचीही सुट्टी नव्हती. एरवी दुसऱ्यांना पट्ट्या बांधायची, आज स्वतःलाच बांधून गिरधरच्या सायकल दुकानात आली होती. "ते ब्रेकचे पॅडच खराब असतीन. कंपनीने सस्तेवाले दिले," ती म्हणाली.

गिरधरला आयती पळवाट मिळाली होती. नुसतं हो म्हटलं की सुटला. चाळीस वर्षांत त्याच्या दुकानातून निघालेल्या सायकलीने कुणाला पाडलं नव्हतं, आणि हा लौकिक तो जिवापाड जपत आला होता. त्याने चाक काढलं, पॅड उपसून नाकाशी नेले. तिळाच्या तेलाचा वास आला. ब्रेकच्या चकतीला, डिस्कला, जी भोकं असतात त्यांच्या कडेला लालसर चिकटा होता.

काल खंडेनवमी होती. वडील भुसावळकडून कागद कारखान्यात कामाला आले, तेव्हापासून घरची रीत अशी, की यंत्राचा जो भाग फिरतो त्याला तेलात कालवलेल्या शेंदराचा टिळा लावायचा. दुरुस्तीला आलेल्या कोमलच्या सायकलचीही त्याने मनोभावे पूजा केली होती. साध्या सायकलींचं टिळ्याने कधी काही बिघडलं नाही. ही डिस्कवाली दुकानातली पहिलीच. चकचकीत चकती पाहून गिरधरला वाटलं, टिळ्याला याहून चांगली जागा कुठली! भक्ती उतू गेली आणि अक्कल चुलीत गेली, दुसरं काय.

"पॅड चांगले होते, पोरी. गलती माझी हाय," तो म्हणाला. "मीच डिस्कला टिळा लावला. तेल पॅडात मुरलं." "तू आता दुसरीकडे दाखव सायकल. मी राग नही धरनार."

कोमलने पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला. "डिस्कवरचं ह्याने निघीन ना?"

"डिस्कचं निघीन. पॅड फेकावेच लागतीन."

"मंग टाका नवे. दुसरीकडे कशाला जाऊ? असं खरं कोन सांगनार तिथं?"

गिरधर मान खाली घालून कामाला लागला. त्याच्याकडे नरम पॅड होते आणि चिखलात जास्त टिकणारे धातूमिश्रितही होते. जसोंडीचा चिखलाचा रस्ता आठवून हात धातूवाल्यांकडे गेला. पण या खेपेस त्याने चष्मा लावला आणि डिस्कवर कोरलेली बारीक अक्षरं लावून लावून वाचली. या डिस्कला नरमच चालणार होते. "लवकर झिजतात हे," तो म्हणाला. "महिन्याला दाखवून जाय."

मग पासष्टीचा गिरधर स्वतः सायकलवर बसला. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला वेग घ्यायचा, ब्रेक हळूहळू दाबायचा, पुन्हा वेग घ्यायचा. अशा वीस फेऱ्या झाल्या. सगळी गल्ली हसली. शेवटी सायकल तो म्हणेल तिथे थांबू लागली. उतरताना त्याला धाप लागली होती आणि डोळे भरले होते. या पोरीने चार शब्द सुनावले असते तरी त्याने ऐकून घेतले असते. तिने तर त्याचं दुकान त्याला परत दिलं होतं. हे उपकार तो जन्मात विसरणार नव्हता.

"आन् टिळा?" कोमलने विचारलं.

गिरधर दचकला. तिने हँडलवरची घंटी दाखवली. "इथं लावा."

त्याने शेंदराच्या वाटीत बोट टिळ्यापुरतंच बुडवलं, काठाला दोनदा निथळवलं आणि घंटीवर टेकवलं.

कोमल उताराला लागली. तो पायरीवर उभा राहून बघत होता. खालच्या वळणावर सायकल थांबली, एक पाय जमिनीवर टेकला आणि घंटी वाजली. गिरधरने हात जोडले. एवढ्या लांबून टिळा काही दिसत नव्हता.