अर्धं सूत

आधीच सांगून टाकते, माझ्या पोटात दुखत होतं. नणंदेचं कौतुक ऐकून वहिनीच्या जिथे दुखतं, तिथे. पुढे कुणाला माझी बाजू घ्यायची असेल तर हे माहीत असून घ्यावी.

आमचं गॅरेज जेमतेम दोन गाड्या मावतील एवढं. पुढे शटर, मागे लेथ, डाव्या भिंतीला हत्यारांची फळी. फळीवर प्रत्येक पान्याच्या मागे मी रंगाने त्याची आकृती काढून ठेवली आहे, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबून कळतं. लग्न होऊन आले तेव्हा मला पाना आणि पक्कड यातला फरक सांगता येत नव्हता. पण अठरा वर्षांत असं झालं, की हे गाडीखाली आडवे असले आणि नुसता हात बाहेर आला, तरी बोटं किती वाकली आहेत त्यावरून मला समजायचं, दहाचा पाना हवाय, चौदाचा हवाय की पुसायला फडकं. तोंडाने मागायची वेळ मी ह्यांच्यावर कधी आणली नाही. बाकीच्या बायकांचे नवरे त्यांना काय काय आणून देतात ते मी ऐकत असे, आणि मला कुणाचा हेवा वाटत नसे. माझ्याकडे तो हात होता.

मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे ह्यांची बहीण, ह्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. यंत्रांचं शिक्षण घेऊन दोन महिन्यांपूर्वी घरी परतली. एरवी मी तिला धाकटे म्हणते आणि चिडले की वन्सं म्हणते. त्या दोन महिन्यांत ती सारखी वन्संच होती. तिला वाटायचं, वहिनी थट्टेत आहे.

ती आली त्याच आठवड्यात गुरांच्या डॉक्टरांची गाडी आली. जुनाट, मागे लांब डबा असलेली, आत कायम ओल्या केसाळ जनावरांचा वास. तिच्या गिअरबॉक्सचे दाते झिजून गुळगुळीत झालेले, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालेलं. डॉक्टर म्हणाले, "हिच्यात बसून मी निम्म्या गावाची वासरं ओढून काढली आहेत. दुसरी गाडी नको. काहीही करा."

काहीही म्हणजे दुसऱ्या मॉडेलचा गिअरबॉक्स ह्या गाडीला बसवायचा. ह्यांनी भंगारवाल्याकडून एक आणला, चांगला दणकट. पण इंजिनच्या पाठीला बोल्टची सहा भोकं आणि ह्या गिअरबॉक्सला पाच, त्यातलं एकही एकमेकांसमोर येईना. अशा वेळी दोघांच्या मध्ये एक जाड लोखंडी अडॅप्टर लागतो, एका अंगाला इंजिनची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. मध्य एवढासाही हलला तर सगळं फुकट.

"हे मी करते, दादा," धाकटी म्हणाली. आणि जेवताना पुढचंही बोलली. कारखान्यातून तिला नोकरीचं पत्र आलं होतं. "ही गाडी चालली तर मी इथेच राहते, तुझ्याबरोबर. नाहीच जमलं तर नोकरीवर जाते."

ह्यांचा चेहरा असा फुलला, की मी ताट उचलून आत गेले.

पुढचे बारा दिवस माझ्यासाठी लांबच लांब होते. ती व्हर्नियरने माप घ्यायची आणि हे वहीत लिहायचे. दोघांची डोकी एका कागदावर. मी काही विचारलं की हे म्हणायचे, "अगं, तुला नाही कळायचं ते, दशांशाचं आहे." दशांश मला शाळेत शिकवले होते! पण हे म्हणायचे आणि मी चहा टाकायला जायचे. एकदा हे गाडीखाली असताना हात बाहेर आला, बोटं तेराच्या पान्याची. मी फळीकडे वळले. परत वळून बघते तो धाकटीने पाना दिलेलासुद्धा. ह्यांनी घेतला, काम चालू. कुणाच्या हातून आला ते बघितलंही नाही. मी माझ्या हातातला पाना त्याच्या आकृतीवर परत लावून ठेवला. त्या दिवशी माझं मन कशातच लागलं नाही.

अडॅप्टर झाला. त्या रात्री ती झोपल्यावर वगैरे नाही, भर दुपारी तिच्यासमोर मी त्यावरून हात फिरवला. एकही काठ बोटाला टोचेना. त्यात खोट काढता येईल म्हणून मी हात फिरवला होता.

गिअरबॉक्स बसवायच्या आधी क्लच प्लेट लावावी लागते. ती गोल चकती असते, मधोमध दातेरी भोक. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्या भोकातून जाऊन इंजिनच्या बुशमध्ये, म्हणजे आतल्या गोल कडीत शिरतं. म्हणून चकतीचं भोक आणि मागचा बुश अगदी समोरासमोर हवेत. लोक त्यासाठी खोटा शाफ्ट घालून मध्य धरतात. मी बोट घालते. भोकातून तर्जनी आत सारायची, बुशच्या कडेवरून गोल फिरवायची, चारी बाजूंनी कड सारखी लागली की म्हणायचं, आवळा. अठरा वर्षांत माझा मध्य एकदाही चुकलेला नाही.

धाकटी म्हणाली, "वहिनी, नवीन शाफ्टच्या मापाचा खोटा शाफ्ट काढून देऊ का लेथवर? अर्ध्या तासाचं काम आहे."

हे हसले. "कशाला? तुझ्या वहिनीचं बोट आहे ना!"

बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. मी बोट घातलं, मध्य धरला, बोल्ट आवळले. तेवढ्यात डॉक्टर चौकशीला आले, आणि शटरपाशी ह्यांचा आवाज ऐकू आला. "चिंता सोडा, डॉक्टर. आमच्या घरात खरं डोकं एकच, ही माझी बहीण. आम्ही बाकीचे नुसते हात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोल्ट परत ढिले केले. चकती अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, खाली सरकवली. डोळ्यांना दिसू नये पण शाफ्ट अडावा, एवढीच. बोल्ट आवळले, फडक्याने हात पुसले आणि हाक मारली, "चला, झालं."

हे गाडीखाली गेले. गिअरबॉक्स जॅकवर, उजवीकडे धाकटी, डावीकडे दिवा धरून मी. गिअरबॉक्स सरकत सरकत आला, शाफ्ट चकतीत शिरला, आणि थांबला. अडॅप्टर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक बोट फट राहिली. ह्यांनी मागे घेतला, पुन्हा ढकलला. पुन्हा एक बोट. तिसऱ्यांदाही तेच. धाकटी बोल्ट घेऊन पुढे झाली. "दादा, बोल्टने ओढून घेऊ का? येईल."

"खबरदार," हे खालून ओरडले. "गिअरबॉक्स हाताने बसतो. ओढलास तर बोल्टचा कान तुटेल त्याचा."

खाली उतरवला. हे बाहेर आले आणि अडॅप्टरकडे बघत उभे राहिले. धाकटीही त्याच्याकडेच बघत होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. अठरा वर्षं न चुकण्याचा फायदा म्हणायचा तो. हे म्हणाले, "तू मापं पुन्हा तपास. मी डॉक्टरांना घरापर्यंत सोडून येतो, ते ताटकळलेत."

तिने मापं तपासली. दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी बरोबर. माप बरोबर निघालं की माणसाला बरं वाटतं, पण तिचा चेहरा दर वेळी आणखी उतरत गेला. शेवटी ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, माझं कुठे चुकलं तेच मला दिसत नाहीये. मग मी इथे राहून काय उपयोग?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? चांगला दोन मिनिटं टिकला. ती जाईल, हात पुन्हा माझा होईल, सगळं सुरळीत.

मग तिने अडॅप्टर इंजिनवरून सोडवला, पोलादी शिकंज्यात आवळला आणि गोल कानस काढली.

"हे काय करतेस?"

"ज्या खुंट्यांवर गिअरबॉक्स बसतो ना, त्यांची भोकं किंचित मोठी करते. गिअरबॉक्सला इकडेतिकडे व्हायला जागा मिळेल. दुसरं काही सुचत नाही."

कानस फिरली. एकदा. दुसऱ्यांदा. लोखंडाची बारीक पूड खाली पडली. बारा दिवस ती ह्याच भोकांसाठी लेथवर वाकली होती. त्या कामात मला खोट सापडली नव्हती, आणि आता ती स्वतः ती खोट घडवत होती, मी सांगितलेल्या खोट्यावर विश्वास ठेवून. तिचं नुकसान मी बघू शकत होते. त्या भोकांचं बघवेना.

तिसऱ्यांदा कानस फिरली तशी मी तिचा हात धरला.

"थांब. अडॅप्टर बरोबर आहे. चकती मी सरकवली."

"चुकून?"

"नाही."

तिने कानस खाली ठेवली. खुंटी उचलली आणि भोकात घातली. सकाळी तीच खुंटी दाबून बसवावी लागत होती. आता डुगडुगली. तिने ती दोन बोटांत धरून हलवून दाखवली, मला आणि बहुतेक स्वतःलाही.

"आता खरंच चुकला," ती म्हणाली.

तेवढ्यात हे आले. डुगडुगणारी खुंटी बघितली, बहिणीचे डोळे बघितले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, रडतेस काय वेडे? चुकतं माणूस. दुसरा करू. मीही पहिल्या वर्षी तीन इंजिनं वाया घालवली होती." इतक्या मऊ आवाजात हे बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी कधी चुकलेच नाही, तर मला तो आवाज ऐकू येणार कुठून? त्या क्षणीसुद्धा, स्वतःच्या हातांनी एवढं करून ठेवल्यावरसुद्धा, माझं पोट दुखलं.

"तिचं चुकलेलं नाही," मी म्हणाले. "माझा मध्य चुकलाय."

हे हसले. "तुझा? तुझा मध्य कधी चुकलाय? तिला वाचवायला स्वतःवर घेऊ नकोस. मन मोठं आहे तुझं, ठाऊक आहे मला."

धाकटी काही बोलली नाही. बोलली असती तर सोपं झालं असतं.

मी ह्यांचा हात धरला. तोच हात. ह्यांना गाडीखाली, इंजिनमागे नेलं, ह्यांचं बोट चकतीच्या भोकात घातलं आणि गोल फिरवलं. खाली कड लागली, वर लागली नाही. बोट थांबलं. ह्यांनी पुन्हा फिरवून बघितलं.

"हे असं चुकून होत नाही," हे म्हणाले.

"नाही."

"मुद्दाम?"

"हो."

"का?"

मनात यादी तयार होती. वही, दशांश, तेराचा पाना, शटरपाशी बोललेलं वाक्य. तोंडातून निघालं ते एवढंच, "आम्ही बाकीचे नुसते हात ना."

हे माझ्याकडे बघत राहिले. असं नीट, पुरतं, कितीतरी वर्षांनी. मग भिंतीपलीकडे घरात गेले आणि डॉक्टरांना फोन लावला. भिंतीतून ऐकू येत होतं. "अजून पंधरा दिवस लागतील. नाही, बहिणीचं काम चोख होतं. चूक माझी आहे. हो, माझीच." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते.

आम्ही दोघी राहिलो. धाकटीने डोळे बाहीने पुसले, त्याने गालावर काळा पट्टा उमटला. मी फडकं पुढे केलं. घेतलं नाही.

"मी तुझ्याशी बोलणार नाहीये," ती म्हणाली. "किती दिवस ते माहीत नाही."

"नको बोलूस."

ती उठली, गाडीखाली इंजिनमागे सरकली. स्वतःची तर्जनी चकतीत घातली, फिरवली. कपाळाला आठी. पुन्हा फिरवली, डोळे मिटून. मग वळली.

"मला काहीच लागत नाहीये. दादाला लागलं. मला का नाही लागत?"

मी फडकं घडी करून फळीवर ठेवलं.

"किती सरकवलीस?"

"अर्धं सूत."

"मोजून?"

"बोटाने."

तिने व्हर्नियर उचलला, बॅटरी तोंडात धरली आणि बराच वेळ आत खुडबूड करत राहिली. मग बाहेर आली आणि आकडा वाचला. पुन्हा वाचला. अर्ध्या सुताला केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. तिने व्हर्नियर मिटला आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली. तिचे ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या. तो राग नव्हता, रागाच्या पलीकडचं काहीतरी होतं. मी ते तोंड लगेच ओळखलं. गेले दोन महिने रोज सकाळी वेणी घालताना आरशात तेच तर बघत होते.

खरं सांगू? मला बरं वाटलं.