चीक लावलेल्या फांदीवरून

मित्रांनो, मी एक म्हातारा पोपट आहे. माझ्या जातीचे पोपट आता रानात शोधूनही सापडत नाहीत.

माझा जन्म एका उंच झाडाच्या ढोलीत झाला. आम्हाला घरटं बांधता येत नाही. जुन्या खोडात पोकळी पडते, तिथेच आमच्या पिढ्या वाढतात. एके सकाळी पाखरं धरणारा एक माणूस आणि त्याचा मेहुणा आले. वर चढायचा कंटाळा, म्हणून त्यांनी अख्खं झाडच पाडलं. माझी भावंडं आतच चिरडली. आई किंचाळत त्यांच्या डोक्यावर झेपावली, तेव्हा मेहुण्याने तिला काठीने खाली पाडलं.

"दाजी, एकच जिवंत निघालं."

"असू दे. पुढच्या वर्षी इथूनच आणखी काढू."

"कुठून? या ओंडक्यातून?" मेहुणा खो खो हसला. तरी पुढचं झाडही त्यांनी तसंच पाडलं.

दाजीने माझे पंख छाटले. मला फांदीला बांधून भोवतालच्या डहाळ्यांना तो चिकट चीक लावी. एकटेपणाने मी हाका मारी. माझे भाईबंद धावून येत आणि चिकटत. सुटायच्या धडपडीत त्यांचे पाय मोडत. निम्मे तर पोत्यातच गुदमरत.

"हा माझा कमावता लेक!" दाजी कौतुकाने म्हणे आणि मला पिकलेलं फळ देई.

ढोलीची झाडं संपली. उरलेलं रान शेतांसाठी जाळलं. माझ्या हाकेला उत्तर येईना, तसं फळही बंद झालं.

यंदा मात्र दुरून एक हाक आली. एक मादी माझ्यासमोर येऊन बसली.

"दाजी, गप! सूनबाई आल्या," मेहुणा झुडपाआडून कुजबुजला.

ती सरकत जवळ आली. आणखी एक पाऊल, की चीक. तिच्याशेजारी बसायला माझा जीव तुटत होता. तरी मी पायाच्या दोरीला हिसका देत झेप घेतली आणि तिच्या मानेचा लचका तोडला. रक्त उडालं. ती किंचाळत उडाली, ती पार टेकडीपलीकडे गेली.

"घ्या! पोराने सोयरीक मोडली," मेहुणा म्हणाला.

दाजीने मला खोडावर आपटलं. पंख मोडला, चोच फुटली. आता मी घरामागच्या पिंजऱ्यात पडून असतो. कुणाला आठवण झाली तर पाणी मिळतं.

मित्रांनो, माझी कीव करू नका. तिला माझा राग येत असेल, तर येऊ द्या. फक्त टेकडीपलीकडे ढोली असलेलं एखादं जुनं झाड उभं राहू द्या. तिला अंडी घालायची आहेत.