वळणावरचा हात

मानकोलीच्या रस्त्याला फुटपाथ होता, पण दुचाक्या चढू नयेत म्हणून त्यावर लोखंडी खांब ठोकले होते आणि त्याच्या कडेला ट्रक उभे असत. पोलीस भरतीसाठी आठशे मीटरचा सराव करणारी हेमाली त्यामुळे भर रस्त्यातूनच धावायची. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची भरती होती. मागून सायकलवर येणारे तिचे वडील लडकू ओरडायचे, "वळणावर हात वर कर, पोरी! डायवरला तू दिसली पायजे."

भरतीच्या मैदानावर पहिलं वळण आलं आणि सवयीने तिचा हात वर गेला. कडेला थांबलेल्या मुली हसल्या.

"ओ ताई, इथे बस थांबत नाय!"

दुसऱ्या वळणावरही हात वर गेला. मग तिच्या लक्षात आलं, इथे खांब नाहीत, मागे हॉर्न नाही, कुणासाठी थांबायचं नाही. तिने हात खाली घेतला आणि वेग वाढवला. पुढच्या चौघी एकेक करून मागे पडल्या.

हेमाली पहिली आली. कुंपणाबाहेर लडकू सायकलच्या कॅरिअरवर चढून बघत होते.

"आता कर हात वर!" ते ओरडले.

तिने दोन्ही केले.