मेजर वणवेच्या ड्रायव्हरचं मरण

मोताळ्याच्या इंद्रभानने आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडली आणि उरलेल्या वेळात माणसं मारली. कागदावर, अर्थात. मेजर वणवे आणि त्याचे चौघे सवंगडी यांच्या साहसकथा तो लिहायचा, मलकापुरातून पातळ कागदावर छापून आणायचा आणि आठवडी बाजारात कांद्याच्या बियाण्याशेजारी पोतं अंथरून विकायचा. निवृत्तीनंतर तर त्याच्या लिखाणाला ऊतच आला होता.

नवी नावं शोधायचा इंद्रभानला भारी कंटाळा, म्हणून चौघांची नावं त्याने गावातूनच उचलली होती. त्यातला लोकांचा लाडका म्हणजे जीपचा ड्रायव्हर जब्बार उस्ताद. हा गडी कड्यावरून जीप उडवायचा आणि ती खाली टेकायच्या आत विडी पेटवायचा. खरा जब्बार इंद्रभानचा शाळेपासूनचा दोस्त. तो बाजाराच्या कोपऱ्यावर शर्ट-पायजमे शिवायचा आणि त्याला सायकलसुद्धा धड येत नव्हती. पण पुस्तकातल्या जब्बारचा त्याला असा ताठा, की गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावतानाही तो म्हणायचा, “या खेपेला जीपनं पूर्णा पार केली, वाचलं का?”

रिवाज असा होता, की छापायला जाण्याआधी प्रत्येक पुस्तक जब्बारच्या दुकानात वाचलं जायचं. मशीन बंद, चहा चालू. एकदाच हा रिवाज मोडला आणि तिथेच सगळं फिसकटलं.

झालं काय, की ज्ञानेश्वर नावाच्या एका बियाणेवाल्याने भर बाजारात इंद्रभानला टोमणा मारला. “काका, तुमच्या टोळीले मरणच नाही! जो तो दरीत पडते अन् पुढच्या भागात चहा पेत बसते.” लेखकाला एक वेळ उपाशी ठेवा, पण असं बोलू नये. इंद्रभान चवताळला. घरी गेला आणि एका बैठकीत त्याने जब्बार उस्तादला मारून टाकलं. तेही कच्चं नाही. कथेतला खलनायक डॉक्टर गिरमिट याच्या माणसांनी छातीत गोळी घातली, कफन आलं, जनाज्याची नमाज झाली, कबरीवर माती पडली. पोलिसांच्या भीतीने मेजर वणवे डोंगरावर लपून दुर्बिणीतून हे पाहत होता आणि लहान पोरासारखा रडत होता. जब्बारसमोर हे वाचायची इंद्रभानची हिंमत झाली नाही. त्याने पुस्तक गुपचूप छापून आणलं.

बाजारात ते हातोहात खपलं. त्याच आठवड्यात खऱ्या जब्बारच्या छातीत कळ आली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसा तुंबल्यात, बायपास करा आणि लवकर करा. जब्बार घरी आला, खाटेवर आडवा झाला आणि म्हणाला, “मी नाही जात.” बायको नसीमाने हातापाया पडून पाहिलं. शेवटी ती पदर खोचून इंद्रभानच्या दारात उभी राहिली.

“भाऊ, तुम्हीच मारलं त्यांले, आता तुम्हीच उठवा!”

इंद्रभान चपला न घालताच धावला. जब्बारने त्याला पाहून भिंतीकडे तोंड फिरवलं.

“जब्बार, कहाणी हाय बे ते. कायले मनावर घेतं?”

“कहाणी? मांगच्या साली तू पुस्तकात माहा पाय मोडला, अन् आठ दिवसांत मी नालीत पडलो. आता गोळी घातली, ते बी छातीत! जागा बी हेच भेटली तुले? पुस्तकात मेलेला माणूस टेबलावरून उठते काय?”

आपण काय करून बसलो, ते इंद्रभानला आत्ता कळलं. हा माणूस गेला तर पुस्तकं कुणाला वाचून दाखवायची? पण उस्तादला उठवायचा कसा? एकही फट ठेवली नव्हती. ज्ञानेश्वरच्या नावाने त्याने मनातल्या मनात बोटं मोडली.

जब्बारचा राग अजून उतरला नव्हता. तो उठून बसला. “अन् मारलं तं मारलं, नमाज तरी बरोबर लिहायची! म्हणे, सगळ्यांनी जमिनीवर माथा टेकला. अबे, जनाज्याच्या नमाजीत उभंच राह्यतात. वाकत नाहीत, माथा टेकत नाहीत. लहान लेकराले बी माहीत हाय! मले विचारलं असतं तं सांगितलं नसतं काय?”

इंद्रभानचे डोळे हळूहळू मोठे झाले. मांडीवर थाप मारून तो ओरडला, “म्हणून तं!”

“काय म्हणून तं?”

“अबे, म्हणून तं ते नमाजी नव्हतेच! गिरमिटचे गुंड होते, टोप्या घालून उभे केलेले! मेजरनं दुर्बिणीतून पाह्यलं, पण रडण्याच्या भरात ध्यानात आलं नाही. जनाजाच खोटा!”

जब्बार खाटेवर पुढे सरकला. “मंग कबरीत कोन हाय?”

“तू अकोल्याले चाल. तिथं सांगतो.”

जब्बार गेला. ऑपरेशनला नेताना त्याने स्ट्रेचर दारातच थांबवायला लावलं आणि इंद्रभानला म्हणाला, “वाच.” इंद्रभानने पुढच्या भागाचे कागद काढले. मेजर वणवेने कबर उकरली. आत गवताचा भारा आणि एक जुनी टोपी.

“अन् मी? मले कुठं नेऊन ठेवलं?”

“बाहेर आला की सांगतो.”

“आत्ता सांग बे!”

“नाही सांगत. ऐकाचं असंल तं ये बाहेर.”

जब्बारने त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि दार बंद झालं.

नसीमा बाकावर बसून तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होती. मध्येच तिने विचारलं, “भाऊ, मले तरी सांगा. कुठं ठेवलं त्यांले?”

“भाभी, खरं सांगू? मलेच माहीत नाही.”

कागद मांडीवर घेऊन तो बसून राहिला, पण एक ओळ सुचेना. आजवर त्याने विमानं पाडली होती, पूल उडवले होते आणि हात कधी थांबला नव्हता. आता त्याला फक्त भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाहेर आली. “इंद्रभान कोण हाय?”

तो उठला.

“पेशंट शुद्धीवर आला. पण काका, भूल डोक्यात गेली वाटते. नळी काढल्याबरोबर विचारून राह्यले, कबरीत नाही तं मले कुठं ठेवलं म्हणून! अन् म्हणे, इंद्रभानले सांगा, जागा चांगली पाह्य, जवळ जीप उभी पाह्यजे.”

नसीमाने तोंडाला पदर लावला. इंद्रभान तिथेच मटकन बसला आणि सगळ्या दवाखान्यासमोर हुंदके देऊन रडला. मग त्याने बाहीने नाक पुसलं, खिशातून पेन काढलं आणि विचारलं,

“सिस्टर, तुमच्या दवाखान्यात जीप कुठं लावतात?”